अमेरिकेच्या दक्षिणेचे गायक आणि तिथला प्रादेशिक अभिमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या संदर्भात ‘दक्षिण’ म्हणतात ती नेमकी कुठली?

नकाशाच्या खालच्या अर्ध्या भागाला दक्षिण म्हणायचे, असा हा हिशेब नाही. कॅलिफोर्नियाचे दक्षिण टोक या दक्षिणेत मोजले जात नाही. त्याच्याहून बरेच उत्तरेला असलेले व्हर्जिनिया मात्र मोजले जाते. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकवण्यासाठी त्या वेळी संघराज्यातून फुटून निघालेली अकरा राज्ये हा या प्रदेशाचा गाभा आहे : व्हर्जिनिया, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास, आर्कान्सा आणि टेनेसी. केंटकी फुटले नव्हते, तरी संगीताच्या चर्चेत तेही धरले जाते आणि ते रास्तच आहे, कारण ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो-फिडलवर वेगाने वाजवायच्या कंट्रीच्या प्रकाराचा, जनक मानला गेलेला बिल मन्रो केंटकीचा.

हा प्रदेश आतून एकजिनसी नाही. अ‍ॅपलेशियन डोंगरातले छोटे शेतकरी, मिसिसिपीच्या सखल कापूसपट्ट्यातले कृष्णवर्णीय वाटेकरी, फ्रेंच आणि कॅरिबियन वळणाचे न्यू ऑर्लिन्स बंदर, मेक्सिकोला लागून असलेले टेक्सास, या प्रत्येकाचे गाणे वेगळे आहे.

या प्रदेशाचा अभिमान एवढा तीव्र का असतो?

युद्धातला पराभव, त्यानंतरचे दीर्घ दारिद्र्य आणि उत्तरेकडून सतत होणारी टिंगल या तिन्हींनी मिळून तो घडवला. दक्षिण ही देशाची पहिल्या क्रमांकाची आर्थिक समस्या आहे, असे १९३८ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जाहीरपणे म्हटले होते. उद्योग, शिक्षण, आरोग्य अशा जवळजवळ प्रत्येक बाबतीत ज्या प्रदेशाला मागास ठरवले गेले, त्याच प्रदेशाने देशाला ब्लूज, जॅझ आणि कंट्री दिले, ब्लूग्रास दिले आणि रॉक अँड रोल व सोल यांचा मोठा हिस्साही दिला. मिरवायला दुसरे फारसे काही नसताना माणसे गाण्याचा अभिमान धरतील, यात नवल नाही.

अडचण पुढे सुरू होते. ज्या गायकांमुळे हा अभिमान बाळगता येतो, त्यांतल्या अनेकांना त्याच प्रदेशात गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती आणि गोऱ्यांच्या दवाखान्यात उपचार मिळत नव्हते. अभिमान मिरवणारा आणि तो मिळवून देणारा ही पुष्कळदा दोन निराळी माणसे असतात, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

गायकांचा प्रभाव म्हणजे नेमका कशाचा? गाण्यांचा, वाद्यांचा की आणखी कशाचा?

सर्वांत आधी गळ्याचा. न्यू ऑर्लिन्समध्ये १९०१ साली जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँगला जग ट्रम्पेटवादक म्हणून ओळखते, परंतु अमेरिकन सुगम गायनावरचा त्याचा परिणाम तितकाच खोल आहे. शब्द ठोक्यावर नेमका न टाकता किंचित मागे रेंगाळवायचा, छापील चाल बोलण्याच्या लयीत वाकवायची, आणि मनात आले तर शब्दच सोडून निरर्थक अक्षरांवर गायचे, ही त्याची रीत १९२६च्या सुमारास ध्वनिमुद्रिकांवरून देशभर पोचली. बिंग क्रॉस्बी आणि बिली हॉलिडे हे दोन मोठे गायक त्याचे ऋण उघडपणे मान्य करत. टेनेसीतल्या चॅटनूगाच्या बेसी स्मिथने १९२३पासून ध्वनिमुद्रित केलेल्या ब्लूजचाही यात मोठा वाटा आहे.

ब्लूजमधला स्वरविचार मराठी श्रोत्याला चटकन उमगेल. तिथे गंधार आणि निषाद हे स्वर शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी लागतात. पियानोला ती जागा नाही, ती गळ्यातून किंवा गिटारची तार ओढूनच काढावी लागते. गॉस्पेलमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिसंगीतात, एकाच अक्षरावर स्वरांची लांबलचक साखळी विणण्याची पद्धत आहे, आणि आजच्या पॉप गायिका टेलिव्हिजनवरच्या स्पर्धांमधून जे गातात ते थेट तिथून आले आहे. (स्पर्धांमध्ये त्याचा अतिरेक होतो, हेही नमूद करायला हवे.) उच्चारांचे तर विचारूच नये. लंडनजवळ वाढलेला मिक जॅगर गायला लागला की मिसिसिपीच्या ब्लूजवाल्यासारखे स्वर ओढतो. १९६०च्या दशकापासून इंग्रजीत रॉक गाणाऱ्या असंख्य परदेशी गायकांची बोलण्याची आणि गाण्याची बोली वेगवेगळी आहे, आणि गाण्याची बोली बहुतांशी दक्षिणेची आहे.

कंट्री हे गोऱ्यांचे आणि ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे संगीत, ही विभागणी बरोबर आहे का?

ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांच्या सोयीची म्हणून बरोबर, इतिहास म्हणून चूक. १९२०च्या दशकात कंपन्यांनी दक्षिणेतले संगीत दोन वेगळ्या याद्यांत विकायला सुरुवात केली : कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड’ आणि ग्रामीण गोऱ्या ग्राहकांसाठी ‘हिलबिली’. बिलबोर्ड साप्ताहिकाने १९४९ साली या याद्यांना ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ अशी सभ्य नावे दिली, पण भिंत तीच राहिली. प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे लोक मात्र ही भिंत कधीच मानत नव्हते. डोंगरी गोऱ्या संगीताची खूण समजला जाणारा बँजो मुळात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतला आहे. व्हर्जिनियाच्या कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर खेडोपाडी फिरून गाणी गोळा करी, तेव्हा त्याच्या सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. चाली लक्षात ठेवणे हे रिडलचे काम होते. अलाबामाचा हँक विल्यम्स पोरवयात रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या वादकाकडून शिकला. मिसिसिपीच्या मेरिडियन गावचा जिमी रॉजर्स हा रेल्वे कामगार ‘कंट्री संगीताचा जनक’ म्हणून पूजला जातो, आणि त्याची गाजलेली गाणी म्हणजे आवाज मध्येच तोडून उंच खोट्या आवाजात नेण्याची यॉडेलची क्लृप्ती जोडलेले ब्लूजच आहेत. १९३० साली लॉस एंजेलिसमध्ये त्याने अशाच एका गाण्याचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा साथीला ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग होती. कंट्रीचा जनक आणि जॅझचा सम्राट एकाच खोलीत बसून एकच गाणे वाजवत होते, आणि दुकानात मात्र त्यांच्या तबकड्या वेगवेगळ्या फळ्यांवर होत्या.

या विभागणीची खरी किंमत डिफोर्ड बेलीसारख्यांनी मोजली. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओकेंद्रावर १९२५ साली सुरू झालेला आणि पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाने जगप्रसिद्ध झालेला कार्यक्रम हे आजही कंट्री संगीताचे मुख्य पीठ मानले जाते. गुलामाचा नातू असलेला हार्मोनिकावादक बेली हा त्या कार्यक्रमाच्या पहिल्या काळातल्या सर्वांत लोकप्रिय कलाकारांपैकी एक होता. रेडिओवर त्याचा रंग दिसत नव्हता. दौऱ्यावर मात्र सहकारी ज्या हॉटेलात उतरत, तिथे त्याला प्रवेश नसे. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले आणि पुढची बरीच वर्षे त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवले. कंट्री संगीताच्या मानदालनात त्याचे नाव २००५ साली दाखल झाले. तो १९८२ सालीच वारला होता.

ब्रिस्टल या गावाचा उल्लेख इतका का होतो?

टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर वसलेल्या या गावात व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या राल्फ पीअरने १९२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि आसपासच्या गायकांना बोलावले. त्या सुमारे दोन आठवड्यांत कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या दोघांचीही पहिली ध्वनिमुद्रणे झाली, तीही काही दिवसांच्या अंतराने. म्हणून ब्रिस्टलला कंट्रीचे जन्मस्थान म्हणतात. दक्षिणेतली ग्रामीण ध्वनिमुद्रणे त्याआधीही झाली होती, त्यामुळे ‘जन्मस्थान’ हा दावा थोडा फुगवलेला आहे. पण विक्रीच्या दृष्टीने वळण तिथे लागले, हे निश्चित.

इतके अभिमानी गायक दक्षिण सोडून का गेले?

कारण तिथे राहून पोट भरत नव्हते आणि जिवाची शाश्वती नव्हती. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले. मिसिसिपीतून निघणारी रेल्वे शिकागोला जाई, म्हणून मिसिसिपीचा ब्लूज शिकागोला पोचला. मडी वॉटर्सचे उदाहरण बोलके आहे. १९४१ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने स्टोव्हॉल मळ्यावर त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तो शेतमजूर होता. १९४३ साली तो शिकागोला गेला आणि गजबजलेल्या बारमध्ये आवाज पोचावा म्हणून त्याने विजेची गिटार हातात घेतली. त्याच्या १९५०च्या एका गाण्यावरून लंडनच्या पोरांनी आपल्या बँडला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव दिले.

गॉस्पेलची कथाही अशीच. जॉर्जियात जन्मलेला टॉमस डॉर्सी आणि न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेली महालिया जॅक्सन हे दोघे शिकागोत भेटले आणि दक्षिणेतल्या चर्चमधल्या भजनांना तिथे नवे रूप आले. डॉर्सी त्याआधी ब्लूजगायिका मा रेनी हिचा पियानोवादक होता, त्यामुळे त्याच्या भक्तिगीतांत ब्लूज उघडपणे ऐकू येतो, आणि सुरुवातीला अनेक प्रतिष्ठित चर्चना तो खपत नव्हता. आर्कान्सातल्या कॉटन प्लांट गावची सिस्टर रोझेटा थार्प तर विजेची गिटार घेऊन देवाची गाणी नाइट क्लबात गायली. तिचे १९४५ साली गाजलेले ध्वनिमुद्रण ऐकून रॉक अँड रोल नक्की कधी सुरू झाला, हा वाद निरर्थक वाटू लागतो. त्या संगीताच्या मानदालनात तिला २०१८ साली, म्हणजे मृत्यूनंतर ४५ वर्षांनी, जागा मिळाली.

गेलेल्यांना अभिमान नव्हता, असे समजू नये. त्यांचा अभिमान गावाचा, नदीचा, चर्चचा होता. प्रदेशाच्या राजकारणाचा नव्हता. टिना टर्नरने १९७३ साली टेनेसीतल्या आपल्या नटबुश या चिमुकल्या वस्तीवर स्वतः लिहिलेले गाणे गायले, त्यात चर्च आहे, कापसातली सरकी काढायची गिरणी आहे, वेगमर्यादेची पाटी आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या ट्रायन गावची निना सिमोन १९६४ साली मिसिसिपीचे नाव घेऊन त्या राज्याला जाहीर शिव्याशाप देते, तेव्हा तोही त्या भूमीशी असलेल्या नात्याचाच एक प्रकार आहे. आर्मस्ट्राँगने मिश्र वर्णाच्या बँडला बंदी घालणारा कायदा झाल्यावर १९५६ ते १९६५ अशी जवळजवळ दहा वर्षे आपल्या जन्मगावी वाजवायला नकार दिला. हा मला कित्येक झेंडे फडकवण्यापेक्षा मोठा अभिमान वाटतो.

एल्विस प्रेस्लीने कृष्णवर्णीयांचे संगीत चोरले का?

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मिसिसिपीतल्या टुपेलो गावी १९३५ साली एका अत्यंत गरीब गोऱ्या कुटुंबात जन्मलेला एल्विस लहानपणापासून ब्लूज, गॉस्पेल आणि कंट्री हे तिन्ही ऐकत वाढला. सॅम फिलिप्सच्या सन रेकॉर्ड्सने जुलै १९५४मध्ये त्याची पहिली तबकडी काढली. तिच्या एका बाजूला मिसिसिपीच्या आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचा ब्लूज होता आणि दुसऱ्या बाजूला केंटकीच्या बिल मन्रोचे ब्लूग्रास. दक्षिणेच्या संगीताचा इतका नेमका नकाशा दुसऱ्या कुठल्या तबकडीवर सापडणार नाही. मेम्फिसच्या रेडिओवर ती प्रथम वाजली, तेव्हा निवेदक ड्यूई फिलिप्सने मुलाखतीत एल्विसला त्याच्या शाळेचे नाव मुद्दाम विचारले. शाळा गोऱ्यांची की काळ्यांची, हे गावाला माहीत होते, म्हणजे गाणारा गोरा आहे हे श्रोत्यांना न सांगता समजले.

अन्याय इथेच आहे. एल्विसची आवड खोटी नव्हती आणि आपण कोणाकडून शिकलो, हे तो सांगत असे. परंतु तेच गाणे गोऱ्या तोंडून आले की रेडिओ, टेलिव्हिजन आणि पैसा यांची दारे उघडत आणि मूळ गायकाला ती बंद असत. क्रडपला त्याच्या हक्काचे मानधन कधीच पूर्ण मिळाले नाही. ‘हाउंड डॉग’ हे गाणे अलाबामाच्या बिग मामा थॉर्नटनने १९५३ साली गाजवले होते, आणि १९५६ साली एल्विसने गायल्यावर जग ते त्याचेच समजू लागले. इथे एक गुंता आहे, जो सहसा सांगितला जात नाही : ते गाणे लिहिले होते लायबर आणि स्टोलर या दोन ज्यू तरुणांनी, लॉस एंजेलिसमध्ये. म्हणजे शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा आणि पैसा कोणाचा, हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि ‘चोरी’ या एका शब्दात ते चारही दडपले जातात. जॉर्जियातल्या मेकन गावच्या लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाची गाणी पॅट बून या गोऱ्या गायकाने धुऊन, इस्त्री करून गोऱ्या घरांत पोचवली. तो प्रकार मला एल्विसपेक्षा पुष्कळ अधिक आक्षेपार्ह वाटतो, कारण त्यात शिकणे नव्हतेच.

दक्षिणेच्या अभिमानाची प्रसिद्ध गाणी कोणी लिहिली?

हा प्रश्न कमी विचारला जातो. तो जास्त विचारला जायला हवा, कारण उत्तर बरेच गमतीदार आहे. यादवी युद्धात दक्षिणेचे जणू राष्ट्रगीत ठरलेले ‘डिक्सी’ हे ओहायोच्या, म्हणजे उत्तरेच्या, डॅनियल एमेटच्या नावावर आहे. १८५९ साली ते न्यूयॉर्कमध्ये, गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून करायच्या खेळात प्रथम सादर झाले. दोनच वर्षांनी ते फुटीर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या शपथविधीला वाजले, आणि १८६५ साली दक्षिणेचा सेनापती शरण आल्यावर लिंकनने तेच गाणे बँडला वाजवायला सांगितले. फ्लोरिडाने १९३५ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेले, सुवानी नदीकाठच्या घराची आठवण काढणारे गाणे पेनसिल्व्हेनियाच्या स्टीफन फॉस्टरने १८५१ साली लिहिले. नदी त्याने पाहिली नव्हती; दोन अक्षरांत बसणारे नाव हवे होते, म्हणून नकाशावरून उचलले. गुलामांच्या मळ्यावरच्या ओढीचे गोडवे गाणारे त्यातले शब्द २००८ साली बदलावे लागले.

‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ची चाल इंडियानाच्या होगी कारमायकलची आहे. १९३० सालचे हे गाणे दक्षिणेचे झाले ते १९६० साली रे चार्ल्सने गायल्यामुळे. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावी जन्मलेल्या आणि बालपणीच अंध झालेल्या या कृष्णवर्णीय गायकाने १९६१ साली ऑगस्टा शहरातला कार्यक्रम रद्द केला, कारण तिथे काळ्या आणि गोऱ्या प्रेक्षकांना वेगळे बसवले जाणार होते. १९७९ साली राज्याच्या विधिमंडळाने त्याचेच गाणे राज्यगीत केले आणि त्याला सभागृहात गायला बोलावले. मधल्या काळात, १९६२ साली, याच गायकाने कंट्री गाण्यांचा एक संपूर्ण अल्बम काढून ती देशभर पहिल्या क्रमांकावर नेली होती. नॅशव्हिलच्या कंट्रीला शहरी श्रोता मिळवून देणाऱ्यांत त्याचे नाव फार वरचे आहे.

शब्द आणि चाल बाहेरची आणि तिच्यात प्राण ओतणारा गळा आतला, असे इतक्या वेळा झाले आहे की तो योगायोग म्हणता येत नाही. दूरच्या माणसाला दक्षिण हे एक चित्र असते, आणि चित्रावर गाणे सोपे जाते. तिथे राहणारा माणूस सहसा आपल्या गल्लीवर गातो.

‘स्वीट होम अलाबामा’ हे गाणे वंशवादी आहे का?

कॅनडाचा गायक नील यंग याने १९७० आणि १९७२ साली दोन गाण्यांतून दक्षिणेतल्या वंशभेदावर सरसकट कोरडे ओढले. त्याला लिनर्ड स्किनर्ड या बँडने १९७४ साली हे उत्तर दिले. लिहिणाऱ्या तिघांतले दोघे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे आणि तिसरा कॅलिफोर्नियाचा. अलाबामाचा एकही नाही. गाण्यात वंशभेदाचे समर्थक गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचा उल्लेख येतो, आणि त्या ओळीमागे हुर्यो उडवल्याचे सूर ऐकू येतात. हा निषेध आहे की नुसता खट्याळपणा, यावर आजही वाद आहे. साथीला गाणाऱ्या मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग या दोघीही दक्षिणेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय गायिका होत्या. गाण्यातच अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओवादकांना मानवंदना आहे. नील यंगने पुढे, आपले अलाबामावरचे गाणे उपदेशकी थाटाचे होते, असे स्वतः मान्य केले.

माझ्या मते गाणे वंशवादी नाही, पण ते सोयीस्करपणे अर्धवट आहे. ‘आम्हाला सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका’ हे त्याचे म्हणणे योग्य आहे. मात्र तो बँड वर्षानुवर्षे मंचामागे फुटीर राज्यांचा झेंडा लावत असे, आणि झेंडा मागे असताना ते म्हणणे वेगळे ऐकू येते.

त्या झेंड्याबाबत गायकांची भूमिका काय आहे?

एकसारखी नाही. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या टॉम पेटीने १९८५च्या दौऱ्यात तो झेंडा वापरला आणि २०१५ साली एका मुलाखतीत त्याबद्दल स्पष्ट पश्चात्ताप व्यक्त केला. लिनर्ड स्किनर्डने २०१२ साली झेंडा सोडत असल्याचे सांगितले आणि चाहते खवळल्यावर माघार घेतली. २०२० साली दोन मोठ्या कंट्री गटांनी आपल्या नावातले युद्धपूर्व दक्षिणेची आठवण देणारे शब्द काढून टाकले : ‘डिक्सी चिक्स’ नुसत्या ‘द चिक्स’ झाल्या आणि ‘लेडी अँटेबेलम’ हा गट ‘लेडी ए’ झाला. त्या दुसऱ्या गटाने घेतलेले नाव सिअ‍ॅटलची एक कृष्णवर्णीय ब्लूजगायिका आधीपासून वापरत होती, आणि सदिच्छेच्या या कृतीचा शेवट कोर्टात झाला.

‘द चिक्स’चा आणखी एक प्रसंग अभिमानाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. मार्च २००३मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, गायिका नॅटली मेन्सने लंडनच्या मंचावरून सांगितले की राष्ट्राध्यक्ष बुश आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. देशभरातल्या कंट्री रेडिओकेंद्रांनी त्यांची गाणी बंद केली. टेक्सासच्या मुलीने टेक्सासच्या नावाने लाज बोलून दाखवावी, हे लोकांना युद्धविरोधापेक्षाही अधिक झोंबले असावे.

गोरे आणि काळे वादक एकत्र काम करत होते, तेव्हा शहरात काय चालू होते?

मेम्फिसमधल्या एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या घरच्या बँडमध्ये दोन काळे आणि दोन गोरे वादक होते. जॉर्जियाच्या ओटिस रेडिंगचे गायन याच वादकांच्या साथीने घडले. बाहेर शहरात या चौघांना एकत्र बसून जेवता येईल अशा जागा थोड्या होत्या. लोरेन मोटेल ही त्यांतली एक. स्टॅक्सचे लोक तिथे बसून गाणी रचत. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि त्यानंतर स्टॅक्समधले वातावरण पूर्वीसारखे राहिले नाही.

अलाबामातल्या मसल शोल्सची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या फेम स्टुडिओतले साथीदार बहुतेक स्थानिक गोरे तरुण होते आणि त्यांच्या साथीने गाणारे मोठे गायक कृष्णवर्णीय. मेम्फिसमध्ये जन्मलेली आणि डेट्रॉइटमध्ये वाढलेली अरीथा फ्रँकलिन न्यूयॉर्कमध्ये काही वर्षे गुळमुळीत गाणी गाऊन कंटाळली होती. जानेवारी १९६७मध्ये ती इथे आली, पियानोवर बसली आणि तिला तिचा सूर सापडला. तिचा नवरा आणि स्टुडिओतली माणसे यांच्यात भांडण होऊन ते काम एका दिवसातच थांबले, आणि उरलेला अल्बम याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून पूर्ण करण्यात आला.

रॅप तर न्यूयॉर्कचे. त्यात दक्षिण कुठे येते?

उशिरा येते, पण नंतर मुख्य जागाच व्यापते. ऑगस्ट १९९५मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आंद्रे ३००० याने ध्वनिक्षेपकावर एवढेच सांगितले की दक्षिणेलाही काही सांगायचे आहे. २००४ साली याच जोडीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि आज अटलांटा हे रॅपचे सर्वांत प्रभावी शहर मानले जाते. त्या एका वाक्यातला अभिमान आणि झेंडावाल्यांचा अभिमान यांचा प्रदेश एकच आहे. बाकी काही सारखे नाही.

कृष्णवर्णीय गायक आज कंट्रीकडे परत येत आहेत, असे म्हणणे योग्य आहे का?

‘परत येत आहेत’ यापेक्षा ‘होतेच, आता ऐकू येत आहेत’ असे म्हणावे. मिसिसिपीच्या चार्ली प्राइडला १९७१ साली कंट्रीतला वर्षातला सर्वोच्च कलाकार म्हणून गौरवले गेले होते. साउथ कॅरोलायनाच्या लिंडा मार्टेलने १९६९ साली ऑप्रीच्या मंचावर गाऊन इतिहास घडवला आणि थोड्याच वर्षांत ती या क्षेत्रातून बाहेर फेकली गेली. नॉर्थ कॅरोलायनाच्या रिआनन गिडन्सने जो थॉम्पसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे बसून जुनी परंपरा शिकून घेतली, आणि बँजोचा खरा इतिहास सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोचवला. ह्यूस्टनच्या बियॉन्सेने २०२४ साली काढलेल्या कंट्री अल्बमच्या पहिल्या गाण्यांपैकी एकात गिडन्सचाच बँजो आहे, आणि वयाच्या ८२व्या वर्षी लिंडा मार्टेलचा आवाजही त्या अल्बमवर आहे. त्याला नॅशव्हिलच्या कंट्री संघटनेचे एकही नामांकन मिळाले नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये ग्रॅमीने मात्र सर्वोत्तम कंट्री अल्बम आणि वर्षातला सर्वोत्तम अल्बम असे दोन्ही पुरस्कार दिले.

या संगीताचा मुंबई-गोव्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि त्यानंतर व्हर्जिनियात जन्मलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड तिथे आला. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी जॅझ शिकली. हळदोण्याचा चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणूनच ओळखला जाई. वादनाबरोबर तो आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाजही हुबेहूब उतरवी. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्याने केलेल्या कामामुळे १९५१ सालच्या ‘अलबेला’त न्यू ऑर्लिन्सचा झोक हिंदी चित्रपटगीतात शिरला.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

कालक्रमाने जाऊ नये, कंटाळा येतो. एल्विसच्या १९५४च्या पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि त्यानंतर क्रडप आणि मन्रो यांची मूळ ध्वनिमुद्रणे लावावीत. मग रे चार्ल्सचा १९६२चा कंट्री अल्बम ऐकावा आणि त्याआधी हँक विल्यम्सची दोन-तीन गाणी, म्हणजे एकाच गाण्याच्या दोन घराण्यांतला फरक ध्यानात येईल. रोझेटा थार्पचे नुसते ऐकू नये, चित्रफीत पाहावी : १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर, पावसाने ओल्या झालेल्या फलाटावर, कोट घातलेली ही बाई गिटार अडकवून उभी राहते आणि रुळांपलीकडे बसलेल्या इंग्रज पोरांना रॉक अँड रोल कुठून आले ते वाजवून दाखवते.